अहाकिस्टाचं स्मारक



आज मी ज्या स्मारकाविषयी बोलणार आहे ते भारतात नाही. ज्या देशाचे सर्वांत जास्त नागरिक त्या विमान दुर्घटनेत गेले, त्या कॅनडातही नाही. ते आयर्लंडमध्ये आहे. जिथून ते विमान उडालं नव्हतं आणि जिथे ते उतरणारही नव्हतं अशा देशात. कॉर्क काउंटीच्या नैऋत्येला अटलांटिक महासागरात शिरलेल्या जमिनीच्या काही लांब, अरुंद पट्ट्या आहेत. त्यांपैकी एकीचं नाव शीप्स हेड. तिच्या दक्षिण अंगाला, डनमॅनस उपसागराच्या काठी अहाकिस्टा नावाची वस्ती आहे. मी तिला गाव म्हणतोय, पण आपल्याकडे कोकणात तिला वाडीच म्हणतील. छोटा धक्का, थोड्या होड्या, एकदोन पब, दगडी बांध घातलेली कुरणं, आणि पाण्याला लागून एक बाग. बागेत एक सूर्यघड्याळ आहे. केन थॉम्पसन या कॉर्कच्या शिल्पकाराने ते घडवलं. तिथल्या भिंतीवर ३२९ माणसांची नावं आहेत. त्यांतलं जवळजवळ प्रत्येक नाव तुम्हाआम्हाला सहज वाचता येईल असं आहे.

ही माणसं एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या विमानातली. बोइंग ७४७ जातीच्या या विमानाचं नाव ‘सम्राट कनिष्क’. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना ‘कनिष्क’ म्हटल्याबरोबर १९८५ सालचा तो जून महिना आठवेल. जे त्याहून तरुण आहेत त्यांच्यासाठी मी थोडक्यात सांगतो.

२३ जून १९८५, रविवार. टोरांटो, मॉन्ट्रियल, लंडन, दिल्ली आणि शेवटी मुंबई असा या विमानाचा मार्ग होता. ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी. कॅनडातल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीचे ते दिवस. आया मुलांना घेऊन माहेरी निघाल्या होत्या. नोकरीतून रजा न मिळालेले वडील मागाहून येणार होते. मुलांना पहिल्यांदाच आजी-आजोबा दिसणार होते. म्हणूनच त्या विमानात बारा वर्षांखालची ऐंशीहून अधिक मुलं होती. हिंदी चित्रपट बघणाऱ्यांना ‘नदिया के पार’मधला इंदर ठाकूर आठवत असेल, तो बायकामुलासह याच विमानात होता. चर्मतंत्रज्ञानात जगभर नाव मिळवलेले आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक राहिलेले डॉ. नायुडम्मा हेही होते. कर्मचाऱ्यांपैकी अनेकांची घरं मुंबईत होती, कारण एअर इंडियाचं मुख्यालय तेव्हा नरिमन पॉइंटला होतं. म्हणजे या विमानाचा शेवटचा थांबा आपला होता आणि ते चालवणारी माणसंही आपल्यातली होती.

आयर्लंडमध्ये सकाळचे सव्वाआठ वाजत आले होते. विमान ३१ हजार फुटांवर होतं, किनाऱ्यापासून जवळपास १९० किलोमीटर दूर. शॅनन इथल्या हवाई नियंत्रकांच्या पडद्यावरून त्याची खूण एकाएकी नाहीशी झाली. वैमानिकाने मदतीची हाक दिली नाही. तेवढा वेळच मिळाला नव्हता. सामानाच्या कप्प्यात बॉम्ब फुटला होता. याआधी पाऊण-एक तासच झाला होता, तेव्हा जपानमध्ये नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात चढवायची एक बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन जपानी कामगार ठार झाले. दोन्ही बॅगा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघाल्या होत्या. दोन्ही बॅगांसोबत त्यांचा मालक प्रवासाला निघालाच नव्हता.

समुद्रात काय घडलं ते इथे सविस्तर सांगण्याची माझी इच्छा नाही. ‘लॉरेन्शियन फॉरेस्ट’ नावाचं एक मालवाहू जहाज प्रथम तिथे पोहोचलं. मग आयरिश नौदलाचं ‘ॲशलिंग’, ब्रिटिश आणि अमेरिकी हेलिकॉप्टरं, आणि व्हॅलेन्शिया बंदरातली जीवरक्षक होडी. ही होडी चालवणारे स्वयंसेवक होते, रविवारच्या सकाळी घरातून उठून आलेले. जिवंत कोणी सापडेल या आशेने सगळे निघाले होते. दिवसभरात त्यांच्या हाती सुमारे १३० मृतदेह लागले. बाकीचे समुद्रातच राहिले. ‘ॲशलिंग’वरच्या काही नौसैनिकांना त्या दिवसाच्या कामाबद्दल पुढे पदकं मिळाली. पदक मिळालं म्हणून असा दिवस विसरता येत नाही, हे त्यांनीच वेळोवेळी सांगितलेलं आहे.

आता मी माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. अशी दुर्घटना घडली की ती कोणाची, हे कोण ठरवतं?

मृतांपैकी २६८ जण कॅनडाचे नागरिक होते. भारताचे २४ आणि ब्रिटनचे २७. बॉम्ब कॅनडात बनला, कॅनडातल्या विमानतळावरून चढवला गेला. कॅनडाच्या इतिहासात एकाच घटनेत इतक्या नागरिकांची हत्या कधी झाली नव्हती. तरीही बातमी आल्यावर कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी दूरध्वनी केला तो दिल्लीला. राजीव गांधींकडे त्यांनी शोक व्यक्त केला. ओंटारिओ आणि क्वेबेकमधल्या घराघरांत ज्या टेबलांवर रात्रीचं ताट तसंच पडलं होतं, त्या घरांना हा दूरध्वनी जायला हवा होता. त्या घरांतल्या माणसांनी त्या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती, कर भरले होते, मुलं तिथल्या शाळांत घातली होती. एका दूरध्वनीने त्यांना कळून चुकलं की आपण गेलो तर आपण परदेशी म्हणून जाणार.

याला केवळ एका माणसाची चूक मानणं मला पटत नाही. हे आधीपासून होतं आणि पुढची वीस वर्षं तेच चालू राहिलं. हल्ल्याच्या तीनेक आठवडे आधी कॅनडाच्या गुप्तहेर सेवेची माणसं या कटातले संशयित तलविंदर सिंग परमार आणि इंद्रजित सिंग रेयात यांच्या मागावर व्हँकुव्हर बेटावरच्या जंगलापर्यंत गेली होती. त्यांनी एक मोठा आवाज ऐकला आणि तो बंदुकीचा असावा असं समजून ते परतले. परमारच्या दूरध्वनीवरच्या संभाषणांच्या टेपा त्याच सेवेने पुढे पुसून टाकल्या. टोरांटोच्या विमानतळावर सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र ऐन तपासणीच्या वेळी बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा एका हातयंत्राने हुंगून सोडण्यात आल्या. त्या हातयंत्राचा उपयोग होत नाही हे आधीच्या चाचणीत दिसून आलं होतं. व्हँकुव्हरला बॅग देणाऱ्या माणसाची पुढची जागा निश्चित नव्हती. नियमाप्रमाणे ती बॅग थेट दिल्लीपर्यंत स्वीकारायला नको होती. त्याने हट्ट धरला, रांग मोठी होती, बॅग स्वीकारली गेली. या प्रत्येक ठिकाणी कोणी एक माणूस ठाम उभा राहिला असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

न्यायाचं काय झालं? रेयातला नारिताच्या स्फोटासाठी १९९१मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २००३मध्ये त्याने कनिष्कच्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा पाच वर्षं. ३२९ माणसं आणि पाच वर्षं. परमार १९९२मध्ये पंजाबात पोलिसांकडून मारला गेला. याच प्रकरणातले आरोपी रिपुदमन सिंग मलिक आणि अजायब सिंग बागरी यांची १६ मार्च २००५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष सुटका झाली. त्या दिवशी न्यायालयात बसलेल्या कुटुंबांनी वीस वर्षं वाट पाहिलेली होती. रेयातला आणखी एक शिक्षा झाली, न्यायालयात खोटी साक्ष दिल्याबद्दल. ती नऊ वर्षांची होती. खोटं बोलण्याला जास्त आणि कनिष्कच्या बॉम्बला कमी, असं हे गणित आहे. कायद्याच्या जाणकारांकडे त्याचं स्पष्टीकरण असेल. मृतांच्या आईवडिलांना ते पटायचं कसं?

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्याकडे ती फार लवकर निसटते. हा कट खलिस्तानवादी अतिरेक्यांचा होता. शीख समाजाचा नव्हता. त्या विमानाचे मुख्य वैमानिक कॅप्टन हंसे सिंग नरेंद्र आणि सहवैमानिक सतविंदर सिंग भिंडर होते. प्रवाशांतही कितीतरी शीख कुटुंबं होती. कॅनडातल्या पंजाबी वृत्तपत्राचे संपादक तारा सिंग हायर यांनी या कटाविषयी पोलिसांना प्रतिज्ञापत्र दिलं, आणि १९९८मध्ये त्यांच्या घराच्या आवारात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. साक्षीदार म्हणून त्यांनी जे धैर्य दाखवलं, ते तपास करणाऱ्या यंत्रणांनी दाखवलं असतं तर हा खटला वेगळा झाला असता. अहाकिस्टाच्या भिंतीवर शीख, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी नावं एकाखाली एक आहेत. कनिष्कची आठवण काढून शिखांविषयी तिरस्कार पसरवणारा माणूस त्या भिंतीवरची अर्धी नावं न वाचताच बोलत असतो.

आता अहाकिस्टाकडे येऊ.

जून १९८५च्या शेवटच्या आठवड्यात कॅनडातून आणि भारतातून कुटुंबं कॉर्क शहरात येऊ लागली. मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी. कॉर्कच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि पोलीस या कामाला जुंपले गेले होते. साडी नेसलेल्या बायका, पगडी घातलेले वडील. शहराने यापूर्वी अशी माणसं इतक्या संख्येने पाहिली नव्हती. कॉर्कच्या लोकांनी काय केलं? त्यांनी घरं उघडली. रस्त्यात अनोळखी माणसाला मिठी मारली. सांत्वनासाठी भाषा एक असावी लागत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवसांविषयी जी कुटुंबं पुढे बोलली, लिहिती झाली, चौकशी आयोगासमोर उभी राहिली, त्यांच्या साक्षींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: आपल्या देशात आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं, आयर्लंडमध्ये आम्हाला माणसं भेटली. लेखिका भारती मुखर्जी यांनी या दुर्घटनेवर क्लार्क ब्लेझ यांच्यासोबत १९८७मध्ये पुस्तक लिहिलं आणि नंतर एक कथाही लिहिली. त्या कथेतही आयर्लंडचा किनारा आणि तिथल्या माणसांची माया आहे.

कुटुंबांना समुद्र बघायचा होता. ज्यांचं माणूस सापडलं नाही, त्यांना निदान त्या दिशेचं पाणी हवं होतं. कॉर्क शहरापासून शंभरेक किलोमीटरवरचा हा किनारा त्यांच्यासाठी ते पाणी ठरला. वर्षभरात इथे स्मारक उभं राहिलं. २३ जून १९८६ रोजी, पहिल्याच स्मृतिदिनी, त्याचं अनावरण झालं. हे वर्ष लक्षात ठेवा. कॅनडात टोरांटोच्या हंबर बे पार्कमध्ये आणि व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये या मृतांची स्मारकं उभी राहिली ती २००७मध्ये. मॉन्ट्रियलला २०११मध्ये, राजधानी ओटावात २०१४मध्ये. आयर्लंडच्या एका वाडीला जे काम करायला एक वर्ष लागलं, त्यासाठी जगातल्या एका श्रीमंत देशाला बावीस वर्षं लागली.

हे कसं घडलं, याचा मी बराच विचार केला आहे. आयरिश माणूस मुळात चांगला असतो, असं म्हणून सुटता येत नाही. चांगली माणसं कॅनडातही होती. मला याचं उत्तर त्या किनाऱ्याच्या इतिहासात दिसतं.

अहाकिस्टाहून दीड-दोन तासांच्या अंतरावर किन्सेल आहे. ७ मे १९१५ रोजी तिथून जवळ जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवलं. जवळपास बाराशे माणसं मेली. त्या दिवशी वारा पडला होता. कोर्टमॅकशेरी गावच्या जीवरक्षक होडीला शिडांचा उपयोग नव्हता. माणसं वल्ही मारत तासन्‌तास समुद्रात गेली आणि पोहोचली तेव्हा तिथे उचलण्यासाठी फक्त मृतदेह होते. ते त्यांनी उचलले. कोव्ह बंदराच्या जुन्या दफनभूमीत दीडशेच्या वर प्रवासी पुरलेले आहेत. त्यांतल्या पुष्कळांची नावं कोणाला कळलीच नाहीत. त्यांचं दफन परक्या माणसांनी केलं.

त्याहून जवळ, शीप्स हेडच्या दुसऱ्या बाजूला बँट्रीचा उपसागर आहे. ८ जानेवारी १९७९ रोजी तिथल्या व्हिडी बेटाच्या तेलधक्क्यावर ‘बेटेलज्यूज’ नावाचं फ्रेंच तेलवाहू जहाज फुटलं. ५० जण गेले, बहुतेक फ्रेंच खलाशी. कनिष्कच्या आधी सहा वर्षं. म्हणजे परक्या देशाच्या माणसांचं मरण या भागातल्या लोकांनी अगदी अलीकडे जवळून अनुभवलेलं होतं.

आणि या सगळ्याच्या मागे दुष्काळ आहे. १८४५पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि आयर्लंडमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, लाखोंनी देश सोडला. त्या दुष्काळाचा सर्वांत वाईट फटका बसलेल्या प्रदेशांपैकी हाच पश्चिम कॉर्क. स्किबरीन गावाजवळच्या अ‍ॅबीस्ट्रूरी दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं एकत्र पुरलेली आहेत असं मानतात. शवपेट्या अपुऱ्या पडल्या, नावं लिहिली गेली नाहीत. त्या जागी हिरवळीचा एक सपाट तुकडा आहे. ज्यांच्या घराजवळ निनावी मृतांची अशी जमीन आहे, त्यांना नाव लिहिण्याचं मोल कोणी सांगावं लागत नाही. म्हणून जेव्हा पंजाबी, तेलुगू, गुजराती, मल्याळी नावं कोरायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती सगळी कोरली.

याच प्रदेशाने शेकडो वर्षं आपली माणसं जहाजांत बसवून परदेशी पाठवली आहेत. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. गेलेल्यांपैकी कोण पोहोचलं आणि कोण वाटेत गेलं, हे पुष्कळ घरांना कळलं नाही. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई काय असते हे अहाकिस्टाला माहीत होतं. कनिष्कमधली माणसं म्हणजे याच रस्त्याने उलट्या दिशेने घरी येणारी मुलं होती. मला वाटतं, त्या बागेचा पाया इथे आहे.

पण स्मारक उभारणं सोपं असतं, हे महाराष्ट्रात तरी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे चौथरे आहेत, हार आहेत, पत्रे लावलेले फलक आहेत, आणि वर्षातून एका दिवसानंतर पुढच्या वर्षापर्यंत त्यांच्याकडे कोणी बघत नाही. अहाकिस्टाचं मोठेपण स्मारक बांधण्यात कमी आहे आणि ते सांभाळण्यात जास्त आहे. दर २३ जूनला सकाळी तिथे माणसं जमतात. कॅनडातून, भारतातून आलेली कुटुंबं, गावकरी, शाळेतली मुलं. ८ वाजून १३ मिनिटांनी सगळे एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. नावं वाचली जातात. शाळेची मुलं गाणी म्हणतात. ही मुलं कनिष्कनंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. त्यांच्या आईवडिलांपैकीही कित्येक तेव्हा शाळेत होते. आपल्या आजोबांनी ज्यांना बघितलं ती माणसं कोण होती, हे त्यांना घरातूनच कळतं. दरवर्षी येणारी कुटुंबं त्या गावकऱ्यांना ओळखतात, त्यांच्या घरी उतरतात, लग्नकार्याला बोलावतात. पहिल्या वर्षी तरुण विधवा म्हणून आलेल्या बायका आता आज्या झाल्या आहेत. काही जणांनी येणं थांबवलं, कारण ते स्वतःच गेले. त्यांच्या जागी त्यांची मुलं, नातवंडं येतात. हे सगळं चाळीस वर्षं चालू राहण्यासाठी सरकारचा आदेश लागला नाही. कॉर्कच्या काउंटी परिषदेने बाग सांभाळली, हे खरं. पण माणसं आली ती आपणहून.

कॅनडाचं सरकार अखेर जागं झालं, हेही सांगितलं पाहिजे. एकतर्फी चित्र काढणं बरोबर नाही. २००५च्या विसाव्या स्मृतिदिनी पंतप्रधान पॉल मार्टिन स्वतः अहाकिस्टाला आले. त्याच वर्षी २३ जून हा दिवस कॅनडाने दहशतवादाच्या बळींचा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. २००६मध्ये पुढच्या सरकारने न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा चौकशी आयोग नेमला. या आयोगाने एक गोष्ट अतिशय योग्य केली. निष्कर्ष लिहिण्याआधी त्याने कुटुंबांना बोलावलं, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि २००७मध्ये ते स्वतंत्र पुस्तकात छापलं. अंतिम अहवाल जून २०१०मध्ये आला, पाच खंडांचा. त्याच्या मुखपृष्ठावर ही ‘कॅनडाची शोकांतिका’ असल्याचं लिहिलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी जे एका दूरध्वनीत बोलायचं होतं, ते असं पाच खंडांत आलं. काही दिवसांतच पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी हंबर बे पार्कमध्ये कुटुंबांसमोर देशाच्या वतीने माफी मागितली.

माफी मागितली म्हणजे आठवण रुजली असं होत नाही. २०२३मध्ये कॅनडातल्या अँगस रीड संस्थेने लोकांना विचारलं तेव्हा दहापैकी नऊ जणांना या हल्ल्याविषयी फारसं काही ठाऊक नव्हतं. त्यात तरुणांची स्थिती आणखी वाईट होती. आणि आपण? आपल्याकडे असं सर्वेक्षण झालं तर काय निघेल, याची मला धास्ती वाटते.

स्मारक दगडाचंच असतं असं नाही, हे एका माणसाने दाखवून दिलं. डॉ. चंद्रशेखर संकुरात्री ओटावामध्ये सरकारी नोकरीत जीवशास्त्रज्ञ होते. कनिष्कमध्ये त्यांची पत्नी आणि दोन लहान मुलं गेली. घरात एकटे राहिल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि आंध्र प्रदेशात काकीनाडाला आले. १९८९मध्ये त्यांनी एक संस्था काढली. मुलीच्या नावाने खेड्यातल्या गरीब मुलांसाठी शाळा, मुलाच्या नावाने नेत्ररुग्णालय. त्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांनी लाखोंना दृष्टी मिळाली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना एक पैसाही भरावा लागला नाही. भारत सरकारने त्यांना २०२३मध्ये पद्मश्री दिली. अहाकिस्टाच्या भिंतीवर त्या दोन मुलांची नावं आहेत, आणि काकीनाडाच्या आसपासच्या खेड्यांत तीच नावं रोज कोणाच्या तरी तोंडात असतात. मला या दोन्ही स्मारकांत डावंउजवं करता येत नाही. एक परक्यांनी उभं केलं, एक बापाने.

२०२५च्या जूनमध्ये चाळिसावा स्मृतिदिन आला. त्याच्या अकरा दिवस आधी, १२ जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. २६० माणसं गेली. त्या विमानाचे कॅप्टन मुंबईचे, कर्मचाऱ्यांतही मुंबई-ठाण्याकडच्या मुली होत्या. त्या अपघाताची कारणं वेगळी आहेत, त्याची तपासणी वेगळी आहे. दोन्ही घटना एका दोऱ्यात ओवण्याचा माझा विचार नाही. पण त्या वर्षी अहाकिस्टाला जमलेल्या माणसांसमोर, आयर्लंडच्या पंतप्रधानांपासून भारत आणि कॅनडाच्या मंत्र्यांपर्यंत, हे ताजं दुःख होतंच. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी फोनवर नावांची यादी ऐकली होती, त्यांनी त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर दुसऱ्या कुटुंबांचे चेहरे बघितले असतील. हे विमान जिथे कोसळलं त्या अहमदाबादच्या मेघाणीनगरमध्ये पुढे स्मारक उभं राहील की नाही, कसं राहील, हे आपल्या हातात आहे. उभं राहिलं तर त्याच्याजवळ राहणाऱ्या माणसांना त्यात स्थान मिळावं. वसतिगृहात जेवायला बसलेली मुलं आणि टपरीवर उभी असलेली माणसंही तिथे मेली आहेत. भिंतीवर सगळ्यांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत असावीत.

श्रोतेहो, आज टोरांटो, व्हँकुव्हर, डब्लिन, कॉर्क इथे शिकायला आणि नोकरीला गेलेली मराठी मुलं हजारोंनी आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरातलं कोणी तिकडे असेल. माझी त्यांना एक विनंती पोहोचवा. आयर्लंडमध्ये असाल तर सुट्टीत डोंगर आणि कडे बघायला नक्की जा, पण एकदा शीप्स हेडला जा आणि अहाकिस्टाच्या बागेत ती नावं मोठ्याने वाचा. तिथल्या गावकऱ्यांशी बोला. आपल्या माणसांसाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल आपल्यापैकी कोणीतरी त्यांना समोर जाऊन धन्यवाद दिले पाहिजेत. टोरांटोत असाल तर हंबर बे पार्कला २३ जूनला जा, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत या तारखेला जागा द्या. आणि आपण इथे असलेल्यांसाठी: चौकशी आयोगाने कुटुंबांच्या साक्षींचं जे पुस्तक २००७मध्ये छापलं, ते एखाद्या मराठी प्रकाशकाने मराठीत आणावं, असं मी या व्यासपीठावरून सुचवतो. अहाकिस्टाला २३ जूनला सकाळचे ८ वाजून १३ मिनिटं होतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे १२ वाजून ४३ मिनिटं झालेली असतात. पुढच्या २३ जूनला त्या वेळी, तुम्ही जिथे असाल तिथे, हातातलं काम बाजूला ठेवून एक मिनिट उभे राहा.